वाडा पाडायचा की राखायचा? आधी छपरावर चढा, मग वकिलाकडे जा

प्रश्न थोडक्यात असा. शनिवार पेठेत एका चौकाचा दुमजली वाडा आहे, घरात सगळे त्याला ‘पेशवाईतला’ म्हणतात. मालक पाच चुलत भावंडं, त्यातली दोन परदेशात. तीन भाडेकरू. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीचा तुकडा पडला आणि पालिकेची नोटीस आली. मग केलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे मजबुतीच्या तपासणीत, वाडा ‘सी-1’ ठरला, म्हणजे पाडण्याच्या लायकीचा. बिल्डर दारात येऊन बसलाय. दोघे भाऊ म्हणतात पाडून मोकळे होऊ. विचारणाऱ्या ताईंना वाटतं, वाडा ऐतिहासिक आहे, वाचायला हवा. ठरवायचं कसं?

ताई, सव्वीस वर्षं मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आहे. ‘ऐतिहासिक आहे म्हणून ठेवा’ आणि ‘जुना झाला म्हणून पाडा’ ही दोन्ही वाक्यं इतक्यांदा ऐकली आहेत की आता दोन्हींवर माझा विश्वास बसत नाही. वाडा वयाने पडत नाही, पाण्याने पडतो. आणि टिकतो तो आत कुणीतरी दिवा लावतंय म्हणून. बाकी सगळा हिशेब या दोन गोष्टींभोवती फिरतो, त्यामुळे माझं उत्तरही तसंच फिरेल.

पण त्याआधी एक टेप घ्या. शनिवार पेठ म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारते तो हा की शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून तुमचा वाडा किती मीटरवर आहे? शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं स्मारक आहे. 2010 साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन करता येतं. 100 मीटरच्या आत 16 जून 1992 पूर्वीची इमारत असेल तर तिची दुरुस्ती करता येते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमचा वाडा त्या शंभरात असेल आणि भावांनी तो पाडला, तर हातात मोकळी जागा उरेल. तिच्यावर काही उभं करता येणार नाही. शनिवारवाड्याभोवती अशी अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्या पदरात इमारतही नाही आणि प्लॉटही नाही. बिल्डरने ‘ते बघू आपण’ म्हटलं असेल तर आधी लेखी मोजमाप मागा. शंभराच्या आत निघालात तर तुमचा अर्धा वाद तिथेच मिटला. मग प्रश्न फक्त दुरुस्ती कशी करायची एवढाच.

त्याच फेरीत पालिकेच्या वारसा विभागात जाऊन वाडा वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, तेही बघून या. यादीत असेल तर पाडण्यासाठी वारसा समितीची वाट धरावी लागते. उलट न वापरलेल्या बांधकामाच्या हक्काचा टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेसाठी विकता येण्याचा दाखला, मिळण्याची शक्यता असते, तो विकून दुरुस्तीला पैसे उभे करता येतात. भावांना हा मुद्दा सांगा. ‘इतिहास’ या शब्दापेक्षा ‘टीडीआर’ हा शब्द घरच्या बैठकीत जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे.

आता त्या ऑडिटकडे येते. सी-1 म्हणजे राहायला अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत. सी-2 अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2 ब म्हणजे माणसं आत ठेवूनच दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमच्या अहवालात चाचण्यांचं पान उघडा. तिथे ‘रिबाउंड हॅमर’ असं लिहिलं असेल तर ते यंत्र कुठे मारलं ते वाचा. ते यंत्र काँक्रीटचा कठीणपणा मोजतं. मातीच्या भिंतीवर मारलं तर कमी आकडा येणारच, त्यात काय नवल? मऊ भाताला ‘हा दगड नाही’ म्हणून नापास करण्यासारखं आहे ते. माझ्याकडे येणाऱ्या वाड्यांच्या अहवालांत हा प्रकार वारंवार दिसतो. ऑडिट करणारा इंजिनिअर लबाड असतो असं नाही. कॉलेजात त्याला लाकूड आणि चुना कुणी शिकवलेलाच नसतो, आणि समजा काही झालं तर सही त्याची असते. म्हणून तो हात वर करतो. (ऑडिट सांगणाऱ्याला कोणता निकाल हवाय हे माहीत असल्यामुळे तसा लिहिलेला अहवालही मी पाहिला आहे. पण तो विषय वेगळा.) लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडून दुसरं ऑडिट करून घ्या. ते होईपर्यंत मागच्या बाजूच्या खोल्यांत कुणाला झोपू देऊ नका, कारण अहवाल चुकीचा असला तरी भिंत खरंच पडली आहे.

आणि ती भिंत पडली तेव्हा तिच्यावरच्या तुळया लोंबकळल्या की जागच्या जागी राहिल्या? याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही आणि मला तेच सगळ्यात आधी हवं आहे. वाड्यात पुष्कळदा वजन भिंत पेलत नसते, लाकडाचा सांगाडा पेलत असतो. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणून तर त्याला कडीपाट म्हणतात. त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधला तो खण, आणि भिंत ही खणाखणांतून भरलेली. भिंत गेली आणि तुळया हलल्या नाहीत, तर सांगाडा जिवंत आहे. तुळया खाली आल्या असतील तर त्या बाजूला वजन भिंतीवरच होतं, आणि मग मामला गंभीर.

आमच्याबरोबर एक म्हातारे सुतार असतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कसब्यातल्या एका वाड्यात आम्ही गेलो, तिथेही सी-1 चा कागद होता. मामांनी माजघरात शिरून चपला काढल्या आणि हातोडीच्या दांड्याने एकेक खांब ठोकत निघाले. टण्ण, टण्ण, टण्ण. आठव्या खांबाशी आवाज बदलला, धब्ब. त्यांनी खिशातून दाभण काढून खांबाच्या पायाशी टोचलं. ते मुठीपर्यंत आत गेलं, पावात जावं तसं. मग काही न बोलता वर बोट दाखवलं. त्या खांबाच्या बरोबर वर नव्याने केलेली मोरी होती. कोट्याची फरशी, भिंतीतून गेलेला पाइप, आणि पाइपाच्या सांध्याला बांधलेली चिंधी. अकरा खांबांतला एक खांब आणि त्यावरच्या तुळईचं एक टोक, एवढंच कुजलं होतं. बाकीचे दहा खांब असे होते की दाभणाचं टोक वाकेल. आम्ही टेकू दिले, जॅकवर तुळई दोन सूत उचलली, खांबाचा कुजलेला दीड फूट पाय कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा खाच पाडून बसवला. पाइप भिंतीबाहेरून नेला. ते कुटुंब अजून त्या वाड्यात राहतंय.

तुमच्या वाड्यात हे असंच निघेल असं मी म्हणत नाही. पण बघायचं कसं हे कळावं म्हणून सांगितलं. पाणी शोधा. छपराच्या दोन उतारांमधली पन्हळ, मोऱ्या, संडास, नळाच्या टाकीखालचा कोपरा, आणि पश्चिमेची भिंत, कारण आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. तुळईची भिंतीत गेलेली टोकं बघा, लाकूड पहिल्यांदा तिथे कुजतं कारण ते कुणाला दिसत नाही. वाळवीला घाबरू नका. ती सागाचा बाहेरचा पांढरा भाग खाते, आतला जून भाग सहसा सोडून देते. मातीच्या नळ्या पाहून लोक किंचाळतात आणि त्याच भिंतीवर आलेल्या ओलीकडे कुणी बघत नाही. खालच्या भागाला कुणी सिमेंटचा गिलावा केलाय का? केला असेल तर तो काढावा लागेल. मातीची भिंत श्वास घेते. तिला सिमेंट फासलं की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती वर वर चढत जाते. एखाद्या वर्षी आतली माती लगदा होऊन खाली बसते आणि बाहेर सिमेंटची पापडी तेवढी उभी राहते. तुमची मागची भिंत अशीच गेली असावी, असा माझा पत्रावरून संशय आहे. तिथे चुनाच हवा. घाण्यात मळलेला, गूळ-बेलफळ-हिरड्याच्या पाण्याचा चुना आजही करून मिळतो. महाग पडतो आणि वेळ खातो, पण तो ओल आत कोंडत नाही.

माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे. सांगाड्याच्या लाकडापैकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलावं लागणार असेल तर मी मालकांना बसवून सांगते की आपण आता दुरुस्ती करत नाही आहोत, जुन्यासारखं नवं बांधतो आहोत. तेही करता येतं, पण मग त्याला वाचवणं म्हणू नका. तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर मी लढते.

आता ‘पेशवाईतला’ या शब्दाविषयी. रागावू नका, पण पुण्यात निम्मे वाडे पेशवाईतले असतात आणि निम्म्यांत नाना फडणवीस येऊन गेलेले असतात. भिंतींना विचारा. वर मंगलोरी कौलं असतील तर निदान ते छप्पर 1865 नंतरचं, कारण मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना तेव्हा सुरू झाला. त्याआधी नळीची थापी कौलं होती. बिडाचे नक्षीदार कठडे, लोखंडी गर्डर, रंगीत काचा दिसल्या तर इंग्रजी अमदानी. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाची कोरीव नक्षी, पातळ विटा असतील तर मात्र माझे कान टवकारतात. चौकात हौद असेल तर त्याचा नळ कुठून येतो ते बघा, कारण पेशव्यांनी कात्रजहून नळाने शहरात पाणी आणलं होतं आणि काही वाड्यांचे हौद त्यावर भरत. आणि शनिवार पेठ असल्यामुळे शेजारच्या आजोबांना विचारा की 12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी तुमच्या वाड्यात कुठवर चढलं होतं. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती त्या दिवशी धडाधड बसल्या. पुष्कळ वाड्यांचा खालचा मजला नंतर विटा-सिमेंटने उभारलेला आहे आणि घरातले लोकच ते विसरलेत. म्हणजे तुम्ही ‘पेशवाई’ म्हणून वाचवत असलेली भिंत कदाचित तुमच्या वडिलांच्या वयाची असेल.

यात कमीपणा नाही. 1890 चा, कारकुनाने पै-पै जोडून बांधलेला वाडाही सांगण्यासारखं खूप सांगतो. बायकांचं माजघर कुठे, पाहुण्यांचा सोपा कुठे, भाडेकरू कधी आले आणि जिन्याखाली स्वयंपाकघर कसं झालं, हे सगळं त्या लाकडात आहे. मी एवढंच विचारते की या घरात असं काय आहे जे दुसऱ्या कुठल्या घरात उरलेलं नाही? त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘आमच्या आठवणी आहेत’ हे खरं असलं तरी ते उत्तर होत नाही. ते प्रत्येक घराला लागू पडतं.

कधी कधी ते उत्तर लाकडात नसतंच. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्या जागेचं मोल कोरीव खांबांवर अवलंबून नव्हतं. जागेचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला, आणि कोर्टात तारखा पडत होत्या तेव्हा वाड्यावर पाऊसही पडत होता. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबरात तो वाडा उतरवला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं ठरलं. माझ्या व्यवसायातल्या काहींना ते पटलं नाही. मला वाटतं, वीस वर्षं आधी डागडुजी झाली असती तर आम्हाला वाद घालायला इमारत उरली असती. शेवटी शेवटी उरली होती ती जागाच.

आता दुसरी गोष्ट, दिव्याची. विश्रामबागवाडा पाहिला असेलच, पण तो का टिकला याचा विचार केलात का? दुसऱ्या बाजीरावाने बांधला, दहा-बारा वर्षांत राज्य गेलं. 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा बसली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज झालं. 1879 च्या आगीत काही भाग जळला, तो पुन्हा दुरुस्त केला गेला. नंतर नगरपालिकेची कचेरी आली. तळमजल्यावरचं पोस्ट तर आपण सगळ्यांनीच वापरलंय. दोनशे वर्षांत त्या वाड्यात सतत कुणी ना कुणी होतं, कुणाला तरी छत गळलेलं दिसत होतं. उलट शनिवारवाडा बघा. 1828 च्या आगीत लाकूड गेलं, ते पुन्हा कुणी उभं केलं नाही, आज तट, दरवाजे, जोती आणि कारंजी उरली आहेत.

यात माझी एक चूक सांगते. पंधरा वर्षांपूर्वी वाईच्या बाजूला एका घराण्याचा मोठा वाडा होता. मालक मुंबईत, पैसा भरपूर, मला म्हणाले वाटेल ते करा पण राखा. मी फार मन लावून काम केलं. छप्पर उतरवून पुन्हा घातलं, देवघरातली भित्तिचित्रं पुसू दिली नाहीत, पन्हळी तांब्याच्या केल्या. किल्ली दिली, फोटो काढले, सगळ्यांनी कौतुक केलं. त्या वाड्यात नंतर कुणी राहायला गेलंच नाही. गुरव आठवड्यातून एकदा दार उघडायचा, मग महिन्यातून, मग त्यालाही पगार पोचेना. तांब्याची पन्हळ चोरीला गेली. सहा वर्षांनी गेले तेव्हा पन्हळीच्या जागी पिंपळ उगवला होता, खोड माझ्या मनगटाएवढं, आणि मी घातलेली तुळई त्याच्या मुळांनी फोडली होती. मी त्यांना विचारायला हवं होतं की चावी मी कुणाच्या हातात देऊ? विचारलं नाही, कारण काम हवं होतं आणि वाडा सुंदर होता.

म्हणून तुम्हालाही विचारते. दुरुस्तीनंतर तिथे कोण राहणार? तुम्ही स्वतः? भावांपैकी कुणी? तळमजल्यावर दुकान, वर वाचनालय, चौकात गाण्याचा क्लास, काहीही चालेल. मी त्याबाबत सोवळी नाही. पण नाव हवं, ‘बघू कुणीतरी’ नको. पाच भावंडांत दोघे परदेशात असताना दरवर्षी मे महिन्यात कौलं फिरवायला माणूस कोण लावणार आणि पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे ठरत नसेल तर मी तुम्हाला दुरुस्तीचा सल्ला देणार नाही, सांगाडा कितीही टणटणीत निघाला तरी.

पैशाचं थोडक्यात. भाडं 20 रुपये असेल तर 1999 च्या भाडे कायद्याने वर्षाला मिळणारी 4 टक्के वाढ म्हणजे 80 पैसे. त्यातून एक कौल येत नाही. वाडे जे पडले त्यातले बरेच या 80 पैशांपायी पडले, मालकांच्या दुष्टपणापायी नव्हे. भाडेकरूंशी बोला. त्यांना बाहेर काढायचा डाव नाही हे कळलं तर दुरुस्तीचा वाटा उचलणारे भाडेकरू मी पाहिले आहेत. आणि समजा पाडायचंच ठरलं, तर नोटिशीने वाडा पडतो, भाडेकरूंचा हक्क पडत नाही. कुणाकडे किती चौरस फूट होते याची सह्यांनिशी नोंद आधी करून घ्या.

पाडायचं ठरलं तर आणखी एक. बिल्डरच्या करारात ‘उतरवलेलं सामान ठेकेदाराचं’ अशी एक ओळ असते, ती खोडा. जुना साग सोन्यासारखा विकला जातो, आणि दारावरची कोरीव गणेशपट्टी एखाद्या रिसॉर्टच्या बारमागे लागते. पाडण्याआधी वाड्याची पूर्ण मोजणी करून नकाशे काढून घ्या, प्रत्येक खणाचे, प्रत्येक सांध्याचे. वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात, एखाद्या कॉलेजला पत्र लिहा. फक्त नव्या इमारतीच्या लॉबीत एक जुना खांब उभा करून त्यावर स्पॉटलाइट टाकू नका. तळखड्याशिवायचा, काहीही न पेलणारा खांब पाहिला की मला पोटात तुटतं.

तुमच्यापुरतं माझं मत आज असं आहे. शंभर मीटरच्या आत असाल तर पाडण्याचा विषय बंद. बाहेर असाल, तुळया जागेवर असतील आणि राहणाऱ्याचं नाव ठरलं असेल, तर दुसरं ऑडिट घेऊन सी-2 अ मिळवायचा प्रयत्न करा आणि राखा. तुळया खाली आल्या असतील आणि नावही ठरत नसेल, तर मोजणी करून हात जोडून उतरवा. मी त्यासाठी तुम्हाला दोष देणार नाही.

पण हे सगळं ठरायला पाच भावंडांना किमान चार महिने लागतील आणि जूनला तेवढे दिवस नाहीत. म्हणून या रविवारी पडलेल्या भिंतीच्या वर, कौलांच्या खाली, जाड ताडपत्री बांधून घ्या. तिचं पाणी चौकात न सोडता पाइपाने बाहेरच्या गटारात न्या. माळ्यावर जायच्या आधी पायाखालची फळी काठीने ठोकून बघा. आणि वरच्या मजल्यावर ज्या भाडेकरू आजी असतील त्यांना विचारा की मागच्या भिंतीला ओल पहिल्यांदा कुठल्या पावसाळ्यात आली. त्यांना नक्की माहीत असतं.